कासव आणि बाईसाहेब

१४ मार्च. गाडी पुसायची होती. उद्या सकाळी पुण्याहून ट्रक येणार आणि परवा शेडचे पत्रे उतरणार. रस्ता रुंद होतोय, शेड त्यात जाते. चार दिवसांपासून मी दुकान बंद झालं की इथं वडिलांच्या शेडमध्ये येऊन एकेक कोपरा रिकामा करत होते. गाडी शेवटी ठेवली होती, तिच्यासाठी आज दुकान दुपारीच बंद केलं.

ताडपत्री ओढली तशी धूळ उडाली आणि लिंबाचा वाळका पाला, उंदरांनी कुरतडलेला कापूस, चिमणीचं एक जुनं घरटं असं सगळं खाली आलं. खाली ती होती. साय धरलेल्या दुधाच्या रंगाची, लांब नाकाची, दोन माणसांची मर्सिडीज. टायर जमिनीला चिकटले होते. दार उघडलं तर आतल्या कातड्याचा वास अजून होता. इतक्या वर्षांत वास जायला हवा होता.

मी कोरडं फडकं घेतलं. ओलं घेतलं असतं तर निम्म्या वेळात काम झालं असतं. पण गाडीच्या काचेला ओलं फडकं मी लावत नाही.

मला सत्तेचाळीस संपत आलीत. नगरजवळच नागापूरला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. ब्रेकचे रबरी कप, ब्रेक ऑइल, क्लच प्लेट, फॅन बेल्ट यांची नावं मला झोपेतही पाठ आहेत. आई गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ अण्णांकडे येते, त्यांचं जेवणखाण बघते. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्र्याऐंशीचे आहेत. कान थोडे मंद झालेत, बाकी डोकं शाबूत. दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतात. शेडकडे पाठ करून.

गाडी घेणारा केतन नावाचा मुलगा गेल्या रविवारी येऊन गेला. तिशीचा असेल. गुडघे टेकून, बॅटरी लावून त्यानं इंजिनावरचा नंबर वाचला, मग चासीवरचा, आणि दोन्ही कागदांशी जुळल्यावर लहान पोरासारखी टाळी वाजवली.

"काकू, मूळ इंजीन, मूळ रंग. कुणी खोललेली नाही, कुणी रंगवलेली नाही. हिला कुणी हात लावला नाही हेच हिचं मोल आहे."

"हो," मी म्हटलं. "नाही लावला."

मग त्यानं विचारलं, "तेव्हा नगरमध्ये अजून एक होती म्हणतात. पोर्शे. खरं का?"

"होती. इथंच उभी असायची. हिच्या शेजारी."

त्यानं शेडच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बघितलं. "ती असती ना काकू, तर आज हिच्याही वर गेली असती. जमवणारे आधी तीच शोधतात."

म्हणजे माझ्या भावाचं, दादाचंच खरं होतं. ते कळायला पस्तीस वर्षं लागली आणि ऐकायला दादा नव्हता.

दोन्ही गाड्या सरकारांच्या. सरकार म्हणजे काष्टीच्या बाजूला मळ्यात राहणारे एक म्हातारे जहागीरदार. जहागीर गेली होती, रुबाब तेवढा राहिला होता. मर्सिडीज त्यांनी हौसेनं मुंबईहून नवी आणली होती. पोर्शे नंतरची. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता, तो मायदेशी परतताना ती त्यांना विकून गेला. अण्णा छावणीच्या वर्कशॉपात शिकलेले मिस्त्री. पुढे रस्त्याकडेला स्वतःची शेड टाकली तेव्हापासून सरकारांच्या दोन्ही गाड्या अण्णांच्याच हाताखाली. पुढे सरकारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गाड्या आमच्याच शेडमध्ये राहायला आल्या.

नावं आम्ही ठेवलेली. मर्सिडीज बाईसाहेब. पोर्शे राखाडी, बुटकी, पाठीवर गोल फुगलेली, म्हणून ती कासव. कासवाचं इंजीन मागं. रस्त्यानं जाणारा कुणी ना कुणी थांबायचा, पुढचं झाकण उघडलेलं बघायचा आणि आत नुसता डबा दिसला की ओरडायचा, "आवं मिस्त्री, इंजीन चोरीला गेलंय की!" अण्णा मान वर न करता म्हणायचे, "गेलं न्हाई. लाजून मागं बसलंय."

तो दुष्काळाचा पावसाळा. पाऊस आलाच नाही. लोक त्याला अजून दुष्काळाचं सालच म्हणतात, आकड्यानं ओळखत नाहीत. रेशनला लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला चिरा पडायच्या आणि घशाखाली उतरताना खरवडायची. आई ती आदल्या दिवशीच्या ताकात बुडवून द्यायची. पुढे ताकही संपलं. दौंडकडच्या रस्त्याला खडीचे ढीग लागले होते, मैलोन् मैल, आणि प्रत्येक ढिगाशी डोक्यावर पदर घेतलेल्या बाया हातोड्यानं दगड फोडत बसलेल्या. टक, टक, टक. गाडीतून जाताना तो आवाज एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे आपल्याबरोबर चालत यायचा. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी. तेव्हा पाण्याला वास असायचा, लोखंडाचा, आणि आम्हाला तो आवडायला लागला होता.

पोळ्याच्या सुमारास सरकार बैलगाडीतून आले. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंगही लावलेला नव्हता. सरकार दोन्ही गाड्यांवरून आंधळ्यासारखा हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, मला आता चालवायची न्हाई. यातली एक तुझी, एक माझी. माझी इकून टाकीन. तुझी तू ठेव. कुठली कुणाची ते तूच सांग. पर इचार करून सांग. दसऱ्याला सांग."

"सरकार, मी कोन सांगनार?"

"तू न्हाई तर कोन? पंधरा वर्सं त्यांच्या पोटात हात घालतोयस."

सरकार गेले आणि आमच्या घरात दीड महिना दुसरा विषय राहिला नाही. माझा भाऊ सुरेश, मी त्याला दादा म्हणायचे, तेव्हा वीस वर्षांचा होता. नागापूरला नवे कारखाने उभे राहत होते, तिथं दिवाळीनंतर कामावर लागणार होता. त्याला कासव हवं होतं. अण्णांना बाईसाहेब. भाकरी मोडताना, टँकरच्या रांगेत, अंथरूण घालताना, बापलेक दोन गाड्यांवरून भांडायचे आणि आई म्हणायची, "अवो, दोघी सवती आणल्यासारकं काय चाललंय घरात!"

अण्णांची परीक्षा करायची एक रीत होती. इंजीन चालू करायचं, त्याच्यावर पितळेचं फुलपात्र पाण्यानं भरून ठेवायचं आणि बघत बसायचं. बाईसाहेबांच्या फुलपात्रात नुसती चंद्रासारखी गोल थरथर उठायची, थेंब सांडायचा नाही. त्या वर्षी अण्णा फुलपात्र अर्धंच भरायचे आणि परीक्षा झाली की ते पाणी पिऊन टाकायचे. पाण्याला गाडीची ऊब लागलेली असायची. कधी मला द्यायचे. कोमट, जरासा तेलाचा वास. त्या चवीचं पाणी पुन्हा कधी मिळालं नाही.

दादाची रीत वेगळी. तो मला शेजारी बसवायचा, सरकारांनी दिलेलं मनगटी घड्याळ माझ्या हातात द्यायचा आणि दौंडच्या रस्त्याला न्यायचा. मैलाचा दगड आला की मी ओरडायचं, पुढचा आला की पुन्हा ओरडायचं. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवीकडच्या खिडकीत मी, आणि समोरून येणारे एसटीचे ड्रायव्हर मीच गाडी चालवतेय असं समजून डोळे मोठे करायचे. सरळ रस्त्याला बाईसाहेब थोडी पुढं निघायची, हे दादालाही मान्य करावं लागलं. ती मोठ्या इंजिनाची, दमदार, वर उघडं करून पळवली की केसांत वारा घुसायचा आणि खडीची भुकटी दातांत यायची. पण रस्ता वाईट झाला, वळणं लागली, की ती जड बाई. कासव मात्र जमिनीला पोट लावून जायचं. मागून इंजिनाचा आवाज यायचा, शिंप्यानं मशीन जोरात पळवावं तसा, कोरडा आणि न थांबणारा. दादा वळणावर हसायचा. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. त्याचा एकच फोटो आहे, त्यात तोंड मिटलेलं आहे. म्हणून दात कुठंच दिसत नाहीत.

"मागं वजन हाय तिच्या," अण्णा बजावायचे. "वळनावर घाबरून पाय उचललास की शेपूट फिरवंल. बाईसाहेब तसं करत न्हाई. ती सांभाळून नेती."

"आणि बाईसाहेबांचे ते दोन कार्बुरेटर? आज जुळवले की आठ दिवसांत रुसले. कासव रुसतं का?"

"नखरे आस्तेत. पर देखनी हाय. टिकंल. शंभर वर्सांनी बी लोक थांबून बघतील."

"अण्णा, बाईसाहेबांना रोज पाणी पाजावं लागतं. रेडिएटर. कासवाला पाणीच लागत नाही. हवेवर गार होतं ते. या नगर जिल्ह्यात कुठली गाडी ठेवायची, सांगा बरं तुम्हीच."

आई चुलीपासून म्हणाली, "सुऱ्या, मंग मला बी तसलीच सून आन. बिनपान्याची." सगळे हसले. अण्णा सगळ्यांत जास्त. खोकला येईपर्यंत हसले. त्या घरातलं ते शेवटचं हसू असेल असं म्हणायचा मला मोह होतो, पण तसं नाही. नंतरही चार-आठ वेळा हसलो असू. आठवत हेच आहे.

आमच्या शेडमध्ये एक नियम होता. ज्या गाडीचं काम अर्धवट आहे तिच्या पुढच्या काचेवर, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, खडूनं मोठी फुली मारायची. फुलीची गाडी ढकलायची, चालवायची नाही. आणि फुली ज्यानं मारली त्यानंच पुसायची. दुसऱ्या कुणी नाही. मला अक्षरं गिरवायच्या आधी हा नियम येत होता. अण्णांच्या खाकी शर्टाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा असायचा आणि खिशाची कड पांढरी झालेली असायची. आई धुवायची, पांढरं जायचं नाही.

नवरात्रात कासवाचे ब्रेक खोलले होते. चाकांतले रबरी कप फुगून गेले होते आणि नवे मुंबईहून यायचे होते. दसऱ्याला सरकार येणार, तर गाडी विटांवर चढवलेली दिसायला नको. म्हणून अष्टमीच्या संध्याकाळी अण्णांनी जुनेच कप तात्पुरते बसवले, चाकं लावली, गाडी खाली घेतली. काचेवर फुली मारली. पहिली रेघ वरून खाली, दुसरी तिच्यावरून. मी कंदील धरला होता. मी बघितली.

दुसरा दिवस खंडेनवमी. हत्यारांची पूजा. पाने, पकडी, हातोड्या, जॅक, सगळं रॉकेलनं धुऊन पाटावर मांडलेलं. त्यांच्यावर हळदकुंकू, भोवती दोरा. दोरा बांधला की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही विसावा, असं अण्णा म्हणायचे. रॉकेल, झेंडू आणि ऊद यांचा मिळून एक वास होतो. दुकानात रॉकेलचा डबा उघडला की मला अजून झेंडू आठवतो. फुलं महाग होती. आईनं दोनच माळा आणल्या, एक एका गाडीला.

गाड्या पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी बारा वर्षांची. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. आईची नजर चुकवून मी पिण्याच्या हंड्यातून अर्धी बादली काढली. बाईसाहेबांना ओलं फडकं नुसतं फिरवलं. उरलेलं सगळं पाणी कासवाला. दादाचं कासव चकचकीत दिसलं पाहिजे, सरकारांचे डोळे अधू असले तरी त्यांना ते चमकलेलं कळलं पाहिजे, असं मला वाटत होतं. टप धुतलं, दिवे धुतले. काचेपाशी आले तेव्हा फुली दिसली. नियम माहीत होता. मी ठरवलं, पूजेपुरती काच स्वच्छ करू, नंतर खडू आणून पुन्हा मारू. पुसली. खडूचं पांढरं पाणी काचेवरून ओघळलं तेही पुसलं. काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग शेजारच्या मुली बोलवायला आल्या आणि मी भोंडल्याला गेले. खिरापतीला काय केलंय ते ओळखायचं होतं. भाजलेले शेंगदाणे होते, दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतंच, तरी आम्ही बर्फी, करंजी, श्रीखंड असं सगळं ओरडलो.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा आपट्याची पानं आणायला गेले. मी उंबऱ्यावर वेणी घालत बसले होते. दादा धुतलेला पांढरा शर्ट घालून बाहेर आला, कासवासमोर उभा राहिला, काचेकडे बघितलं.

"झालं वाटतं हिचं काम," तो म्हणाला. "परवा रात्रीच उरकलं का अण्णांनी? मग मी जाऊन सरकारांना यातूनच आणतो. मागून आवाज ऐकला ना, की म्हातारा ही विकायचीच नाही म्हणेल. काय गं शाले, झालं ना?"

माझ्या दातांत रिबीन होती. मी मान हलवली.

का हलवली ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. बहुतेक वेणीकडे लक्ष होतं. त्यानं झेंडूची माळ सारखी केली, गाडी सुरू केली, आवारात पुढं-मागं करून ब्रेक दाबून बघितला. लागला. जुने कप थोडा वेळ धरतात. मी आज दुकानात गिऱ्हाइकाला हेच सांगते. थोडा वेळ धरतील, भरवसा ठेवू नका.

काष्टीच्या अलीकडे खडीच्या ढिगात घुसून ती थांबली. तिथल्या बायांनी त्याला बाहेर काढलं. त्या दिवशी कामाला सुट्टी होती, तरी खोपटांतून धावत आल्या. स्वतःच्या डेऱ्यातलं पाणी त्याला पाजलं, असं नंतर त्यांच्यातली एक आमच्याकडे येऊन सांगून गेली. "दोन घोट गेलं बघा पोटात. तिसरं न्हाई गेलं." आईनं शेवटी तिच्या ओटीत काही घालायचं म्हणून शोधलं, काही सापडलं नाही, आणि दसऱ्याची आपट्याची पानं घातली.

नंतरचं मला तुटक आठवतं. दाराशी चपलाच चपला. काच पूर्ण फुटली होती, तिच्यावर काही होतं की नव्हतं हे कुणाला दिसणार नव्हतं. आईनं अण्णांना चारचौघांत विचारलं, "फुली का न्हाई मारली?"

अण्णा म्हणाले, "मारली हुती वाटतं." मग उजव्या हाताकडे बघितलं. बोटं एकमेकांवर चोळली. "मारली आसंल," म्हणाले. मग म्हणाले, "न्हाई. इसरलो."

मी दाराआड उभी होते, हातात रिकामी बादली घेऊन. एका वाक्याचं काम होतं.

ते वाक्य मी त्या दिवशी बोलले नाही, तेराव्याला बोलले नाही, पुढच्या खंडेनवमीला बोलले नाही. खंडेनवमी आमच्याकडे झालीच नाही. पाटावरची हत्यारं दोऱ्यासकट पोत्यात गेली. अण्णांनी पुन्हा पाना हातात धरला नाही. नागापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर रखवालदार म्हणून बसले, निवृत्त होईपर्यंत. दिवाळीनंतर दादा जिथं जाणार होता तोच तो कारखाना. कासवाचा सांगाडा भंगारवाल्यानं तोडून नेला. सरकारांनी बाईसाहेबांचे कागद पाठवून दिले, सोबत निरोप: निवड झाली, ही तुझी.

आणि आई अण्णांशी बोलायची थांबली. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर जेवण, धुतलेले कपडे, आजारपणात उशाशी बसणं, सगळं केलं. बोलली नाही. "शाले, तुझ्या बापाला सांग, पान वाढलंय." "शाले, तुझ्या बापाला इचार, औषीद घेतलं का." तीन हातांवर अण्णा बसलेले असायचे, त्यांना ऐकू जायचं, तरी मी सांगायचे. अण्णा मला उत्तर द्यायचे, मी आईला द्यायचे. लग्न होऊन नागापूरला गेले तरी माझी फेरी चुकली की दोघं एकमेकांना काही विचारू शकत नसत, म्हणून फेरी चुकवली नाही. तीस वर्षं मी त्या दोघांमधलं टपाल. दोघांच्या मधे मीच काय ठेवलं होतं, ते एका बाजूलाही पोचवलं नाही. आई गेली त्या दिवशी तिनं मला जवळ बोलावून सांगितलं, "तुझ्या बापाला सांग, पानी पाजायला सुऱ्या लागत हुता मला." मी तेवढं एक सांगितलं नाही. अण्णा खाटेच्या पायथ्याशीच बसलेले होते.

पुसून झालं तेव्हा उन्हं कलली होती. धुळीखाली रंग होता तसाच होता. मी ताडपत्रीची घडी घालत होते तेव्हा अण्णांनी खुर्चीतून हाक मारली. मान वळवली नाही.

"शाले. बाईसायबांचे ब्रेक मेलेत. ट्रकवर चढवताना उतारावर कुनी तरी सोडून दील. काचंवर फुली मार."

"मारते."

"इसरू नगंस," अण्णा म्हणाले. "मी येकदा इसरलो."

घरात खडू नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला. काचेवर फुली मारली, पहिली रेघ वरून खाली, दुसरी तिच्यावरून. दुसऱ्या रेघेला खडू मोडला.

सकाळी सातला ट्रक आला. ड्रायव्हर मूळचा काष्टीकडचा, बोलका. फळ्या लावल्या, दोर बांधला. मग त्यानं नारळ काढला, ओलं फडकं घेतलं आणि काचेकडे गेला. "नव्या मालकाकडं चाललीय, आसं घान तोंड घिऊन का जायाचं? येवढं पुसतो आन् कुकू लावतो."

"थांबा," मी म्हटलं. "फुली ज्यानं मारली त्यानंच पुसायची असते."

"मंग तुमीच पुसा की ताई. मारली तुमीच ना?" आणि त्यानं फडकं माझ्या हातात दिलं.

फडकं गार होतं. ते घेऊन मी अंगणात अण्णांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांच्या हातात चहाचा कप होता. मी खाली वाकून, त्यांच्या चांगल्या कानाशी, नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "अण्णा, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही मारली होती. मी पुसली. खंडेनवमीला, पूजेसाठी. दादानं मला विचारलं तेव्हाही मी सांगितलं नाही."

त्यांनी कप बाजूच्या स्टुलावर ठेवला. उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली.

"मारली हुती?"

"हो."

"दोनी रेगा?"

"दोन्ही. मी कंदील धरला होता."

अण्णांनी रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "तुज्या आईला सांगितलं हुतंस?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगितलंस?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी जाऊन त्याला फडकं परत केलं आणि फुली आहे तशी पुण्याला जाऊ दे, केतनला फोन करून मी सांगते, असं सांगितलं. त्यानं नारळ नुसता टायरापाशी फोडला. गाडी वर ओढून घेतली आणि ट्रक गेला.

पत्रे उतरवणारे दुसऱ्या दिवशी येणार होते. मी शेड झाडून काढली. बाईसाहेबांच्या टायरांचे चार काळे ठसे जमिनीवर होते, ते झाडून गेले नाहीत, म्हणून रॉकेल ओतून खराट्यानं घासले. बाहेर आले तेव्हा अण्णांनी खुर्ची फिरवून घेतली होती. तोंड शेडकडे. माझ्याकडे नाही. कपातला चहा तसाच होता, वर साय धरली होती. मी तो मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि दुकान उघडायला गेले.